पेटेपासून नकाशावरच्या टाचणीपर्यंत: बेंगळुरूमध्ये दुकान कसे सापडत गेले

छोट्या व्यवसायाची वेबसाइट स्थानिक शोधात वर कशी आणावी, हा विषय साधारणपणे वाणिज्य किंवा संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. या टिपणात आपण तो इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. याचे कारण सोपे आहे. 'दुकान आहे, पण गिऱ्हाइकाला ते सापडत नाही' ही अडचण इंटरनेटने निर्माण केलेली नाही. ती बाजारपेठेइतकीच जुनी आहे आणि प्रत्येक काळाने तिच्यावर आपापला तोडगा काढला. आज मोबाइलवर दिसणारी तीन दुकानांची यादी हा त्या मालिकेतला सध्याचा तोडगा आहे. आधीचे तोडगे कसे चालत आणि कुणाच्या हातात होते, हे कळले की आजच्या यादीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते समजतात.

उदाहरणासाठी बेंगळुरू घेण्यालाही कारण आहे. भारतातल्या स्थानिक शोधाचा बराचसा भाग याच शहरात बसून घडवला गेला, आणि ज्या प्रकारच्या पत्त्यांनी नकाशा करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळले ते पत्तेही याच शहराचे आहेत.

पेट: गल्लीचे नाव हीच जाहिरात

केंपेगौडा पहिला याने १५३७ मध्ये मातीच्या तटबंदीचे बेंगळुरू वसवले. आत दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदत होते, दोड्डपेट म्हणजे मोठी पेठ आणि चिक्कपेट म्हणजे लहान पेठ. त्यांच्या आजूबाजूला जी पेटे वाढली त्यांची नावे पाहा. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेट. नाचणीची रागीपेट. अरळे म्हणजे कापूस, त्याची अरळेपेट. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेट. कुंबारपेट आणि गाणिगरपेट या नावांत तर मराठी वाचकाला कुंभार आणि घाणा लगेच ऐकू येतील. (हे शहर १६३८ नंतर काही दशके शहाजीराजे आणि पुढे एकोजी यांच्या जहागिरीत होते. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिम खानाने ते घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हवाली केले. त्या काळाची थोडी मराठी वस्ती आजही शहरात आहे, पण तो आपला आजचा विषय नाही.)

अशा शहरात नवख्या माणसाने तेल कुठे मिळेल असे विचारले तर उत्तर गल्लीच्या नावातच होते. एकच धंदा करणारे सगळे एका जागी बसलेले, त्यामुळे शोध संपायचा तो एका दुकानाशी नव्हे, तर एका गल्लीशी. तिथे गेल्यावर निवड डोळ्यांनी, ओळखीने आणि घासाघीस करून व्हायची. पुण्यात पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक किंवा भांड्यांसाठी तांबट आळी म्हणतात, त्याच जातीची ही व्यवस्था. बेंगळुरूत ती अजून मेलेली नाही. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग हवे असतील तर सादर पत्रप्पा रोड, म्हणजे एसपी रोड, रेशमी साड्यांसाठी चिक्कपेट, जुन्या पुस्तकांसाठी अ‍ॅव्हेन्यू रोड. हा अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणजेच पूर्वीचा दोड्डपेट.

या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे पुन्हा भेटेल. दुकानदाराची दृश्यता त्याच्या एकट्याची नव्हती, गल्लीची होती. गल्लीत जागा मिळाली की तुम्ही सापडलात. पण ती जागा मिळणे हे जात, नाते आणि भांडवल यांवर ठरे. म्हणजे 'पूर्वी सगळ्यांना सारखी संधी होती' असे समजायचे कारण नाही.

क्रॉस, मेन आणि सहा आकडी तोडगा

१८०९ मध्ये इंग्रजांनी पेटेच्या पूर्वेला छावणी वसवली आणि एका शहराची दोन शहरे झाली. दोघांच्या नगरपालिका वेगळ्या, त्या एक व्हायला १९४९ उजाडले. दरम्यान १८९८ च्या प्लेगने दाट पेटेतले लोक बाहेर काढले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या आखीव वसाहती त्याच काळातल्या. १९४८ मध्ये जयनगरची पायाभरणी झाली. या नव्या वसाहतींत रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. एका दिशेचे ते 'मेन', त्यांना काटकोनात छेदणारे ते 'क्रॉस'.

कागदावर ही रचना फार सुटसुटीत दिसते. अडचण अशी की प्रत्येक वसाहतीने आपली मोजणी एकपासून सुरू केली. त्यामुळे 'पाचवा क्रॉस' मल्लेश्वरममध्ये आहे, जयनगरमध्ये आहे आणि आणखी कितीतरी ठिकाणी आहे. शिवाय वसाहतीच्या पोटात ब्लॉक, स्टेज, फेज, सेक्टर. '८० फूट रस्ता' कोरमंगलातही आहे आणि इंदिरानगरातही. जुना घरक्रमांक आणि नवा घरक्रमांक एकाच पाटीवर तिरकी रेघ मारून लिहिलेले. पत्ता पूर्ण असला तरच तो पत्ता, एक शब्द गळला की तो दुसऱ्याच वस्तीत पोचतो. म्हणून पत्त्याच्या शेवटी लोकांनी आपला जुना उपाय कायम ठेवला: 'गणपतीच्या देवळामागे', 'पाण्याच्या टाकीसमोर'.

सारखी नावे आणि वेगवेगळ्या लिप्या ही टपाल खात्याचीही डोकेदुखी होती. तिच्यावरचा तोडगा एका मराठी माणसाने काढला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. देशाचे आठ भौगोलिक विभाग, नववा सैन्यासाठी. पहिला आकडा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन विशिष्ट टपाल कार्यालय. बेंगळुरूचे पिन ५६० ने सुरू होतात. या सहा आकड्यांचे महत्त्व असे की पत्ता प्रथमच भाषेपासून सुटा झाला. पत्ता कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, चुकीच्या स्पेलिंगने लिहा, आकडा बरोबर असेल तर पत्र योग्य टपाल कार्यालयात पोचेल. आज वेबसाइटवर पिनकोड लिहायला विसरणारे दुकानदार एका अर्थाने १९७२ च्या मागे जातात.

पिवळी पाने आणि फोनवरचा माणूस

धंद्यांची वर्गवार छापील यादी ही कल्पना अमेरिकेतली. शिकागोच्या रूबेन डोनेली याने १८८६ मध्ये अशी टेलिफोन सूची काढली आणि पिवळ्या कागदावरून 'यलो पेजेस' हे नाव रूढ झाले. भारतात अशा सूच्या खऱ्या अर्थाने पसरल्या त्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. त्याआधी टेलिफोनच दुर्मीळ होता.

या सूचीने शोधाचे दोन नियम घालून दिले. पहिला, दुकान कोणत्या 'वर्गात' छापले जाते हे दुकानाच्या नावापेक्षा महत्त्वाचे ठरले. दुसरा, वर्गाच्या आत क्रम वर्णानुक्रमे. यातून जी चलाखी जन्मली ती तुम्हाला ओळखीची वाटेल. यादीत वर यावे म्हणून पाश्चात्त्य देशांत कंपन्यांनी आपली नावे इंग्रजी 'ए' या अक्षराने, कधी तीन 'ए' लावून सुरू केली. कारागिरी तीच, फक्त पाटी बदलली. नियम कुठलाही असो, त्या नियमाला खूश करणारी नावे ठेवली जातात, ही या विषयातली सर्वांत जुनी नोंद म्हणावी लागेल.

१९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केले. लक्षात राहील असा आठांचा क्रमांक फिरवायचा, पलीकडच्या माणसाला 'अंधेरीत नळदुरुस्ती' असे सांगायचे आणि दोन-चार नंबर लिहून घ्यायचे. विचारणाऱ्याला ही सेवा फुकट होती. पैसे दुकानदार देत, आणि पैसे देणाऱ्याचे नाव आधी सांगितले जाई. ज्यांना इंग्रजी सूची वाचता येत नव्हती त्यांनाही शोध घेता येऊ लागला, ही मोठी गोष्ट होती. पण यादीतला क्रम आता वर्णमालेवरून निघून पैशावर आला, हेही खरे. कंपनीची वेबसाइट २००७ मध्ये आली, शेअर बाजारात ती २०१३ मध्ये उतरली आणि २०२१ मध्ये तिचा ताबा रिलायन्स रिटेलकडे गेला.

बेंगळुरूतले प्रयोग

२००४ मध्ये गुगलचे अभियांत्रिकी केंद्र बेंगळुरूत सुरू झाले. पण स्थानिक शोधाच्या मैदानात ते एकटे नव्हते. २००६ मध्ये याच शहरात गुरुजी डॉट कॉम हे भारतीय शोधयंत्र सुरू झाले. शहरवार शोध ही त्याची एक बाजू होती. त्याच सुमारास आस्कलैला ही केवळ स्थानिक शोधासाठीची सेवाही इथूनच निघाली. दोन्हींपुढची अडचण एकच होती: शोधायला लागणारी माहितीच कुठे तयार नव्हती. दुकाने गल्लीत होती, पण गल्ली नकाशावर नव्हती. आणि भारतात तपशीलवार नकाशा ही दीर्घकाळ सरकारची, त्यातही सुरक्षेच्या चौकटीतली वस्तू होती.

या कोंडीवर बेंगळुरूच्या गुगल कार्यालयातून उत्तर आले. ललितेश कात्रगड्डा, संजय जैन आणि त्यांचे सहकारी यांनी 'मॅप मेकर' हे साधन तयार केले. ते जून २००८ मध्ये खुले झाले, प्रथम काही निवडक देशांसाठी आणि लवकरच भारतासाठीही. कल्पना अशी की उपग्रहाच्या छायाचित्रावर सामान्य माणसाने स्वतः रस्ता आखावा, देऊळ, दवाखाना, किराणा दुकान टाचून ठेवावे आणि दुसऱ्याने ते तपासावे. आपण ज्याला आज 'नकाशा' म्हणून मोबाइलवर पाहतो त्यातले कितीतरी भारतीय रस्ते आणि दुकाने अशा बिनपगारी हातांनी आखलेली आहेत. हौस म्हणून, गावाच्या अभिमानापोटी, काहींनी तर वर्षानुवर्षे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे श्रम नोंदवून ठेवायला हवेत, कारण त्यातून उभी राहिलेली मालमत्ता मात्र एका कंपनीच्या मालकीची झाली.

डिसेंबर २००९ मध्ये गुगल मॅप्सने भारतासाठी वाट सांगण्याची पद्धत बदलली. 'अमुक रस्त्यावर ३०० मीटर जा' याऐवजी 'अमुक पेट्रोल पंपानंतर डावीकडे वळा' अशा खुणा येऊ लागल्या. रस्त्याचे नाव कुणी वापरतच नाही, हे त्यांना पाहणीतून कळले होते. 'देवळामागे' आणि 'टाकीसमोर' लिहिणारा बेंगळुरूचा जुना पत्ता असा यंत्रात शिरला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. २६ मे २०११ रोजी गुगलने स्ट्रीट व्ह्यूच्या मोटारी बेंगळुरूच्या रस्त्यांवर आणल्या आणि जूनमध्येच पोलिसांच्या आक्षेपावरून त्या थांबल्या. २०१३ मध्ये कंपनीने 'मॅपेथॉन' ही नकाशा भरण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली आणि पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीपर्यंत गेले. एप्रिल २०१५ मध्ये पाकिस्तानच्या नकाशात कुणीतरी केलेली एक अश्लील चेष्टा तपासणीतून निसटून प्रसिद्ध झाली आणि मॅप मेकरच काही महिने बंद ठेवावा लागला. ३१ मार्च २०१७ रोजी तो कायमचा बंद होऊन त्याचे काम मुख्य नकाशात मिसळले. सरकारचे धोरण १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सैल झाले आणि जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने परतले. पहिल्या दहा शहरांत बेंगळुरूबरोबर मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होते.

दुकानदाराच्या हाती काय आले

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, जयनगरमध्ये एक बाई मराठी पद्धतीची छोटी खानावळ चालवतात. झुणका-भाकरी, थालीपीठ, मिसळ. आजूबाजूला पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली बरीच मुले राहतात आणि त्यातला कुणी संध्याकाळी मोबाइलवर 'मिसळ जवळपास' असे शोधतो. त्याला ही खानावळ दिसेल का?

स्थानिक निकालांचा क्रम कशावर ठरतो याचे गुगल जे उत्तर देते त्यात तीन गोष्टी आहेत: जुळणी, अंतर आणि ठळकपणा. आतापर्यंतचा इतिहास वाचल्यावर यातले काहीच नवे वाटणार नाही. जुळणी म्हणजे पिवळ्या पानांतला वर्ग. अंतर म्हणजे पेट, फक्त तिचा मध्य आता चौकात नसून शोधणाऱ्याच्या खिशात आहे. आणि ठळकपणा म्हणजे लोक तुमच्याबद्दल काय आणि किती बोलतात, जे पूर्वी चौकातल्या पानवाल्याला विचारून कळे.

अंतरावर खानावळवाल्या बाईंचा काहीच ताबा नाही. शोधणारा व्हाइटफील्डमध्ये बसला असेल तर जयनगर त्याच्या यादीत येणे कठीण. 'सगळ्या बेंगळुरूत पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे सांगणारा माणूस म्हणूनच संशयास्पद समजावा. राहिल्या दोन गोष्टी, आणि त्यांत करण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वांत आधी गुगलवरची धंद्याची नोंद. हिचे नाव सतत बदलत आले आहे: २००५ मध्ये लोकल बिझनेस सेंटर, २०१० मध्ये प्लेसेस, २०१४ मध्ये माय बिझनेस, २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल. काम तेच. बऱ्याच दुकानांची नोंद मालकाला न विचारता आधीच तयार असते, कुणा हौशी माणसाने कधीतरी टाचून ठेवलेली. ती पडताळणी करून आपल्या ताब्यात घेणे ही पहिली पायरी. न घेतल्यास दूरध्वनी क्रमांक, वेळ, अगदी 'कायमचे बंद' ही खूणही दुसऱ्याच्या सूचनेवरून बदलू शकते. हा नुसता सिद्धान्त नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात नकाशावरील बँक शाखांचे क्रमांक बदलून ग्राहकांना फसवल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या.

मग वर्ग. नुसते 'रेस्टॉरंट' निवडले की खानावळ शहरातल्या हजारो हॉटेलांच्या गर्दीत जाते. 'महाराष्ट्रीय रेस्टॉरंट' असा नेमका वर्ग उपलब्ध असेल तर तो निवडल्याने जुळणी लगेच सुधारते. नावाच्या रकान्यात मात्र पाटीवर असेल तेवढेच लिहावे. 'उत्तम घरगुती मिसळ थालीपीठ डबा जयनगर' असे शब्द नावात कोंबणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. तरीही लोक ते करतात. तीन 'ए' लावणाऱ्यांचे हे थेट वंशज.

आणि वेबसाइट? तिचे काम असे की नोंदीत जे दोन ओळींत सांगितले त्याला पुरावा द्यायचा. इथे मला दिसलेली सर्वांत सार्वत्रिक चूक सांगतो. छोट्या हॉटेलांच्या वेबसाइटवर मेनू छायाचित्र म्हणून चढवलेला असतो, छापलेल्या कार्डाचा मोबाइलने काढलेला फोटो. माणसाला तो वाचता येतो, पण शोधयंत्राने तो वाचून त्यावर निकाल द्यावा ही खात्री धरता येत नाही. 'मिसळ' हा शब्द वेबसाइटवर अक्षररूपात कुठेच नाही, आणि मग मिसळ शोधणाऱ्याला खानावळ दिसत नाही याचे आश्चर्य. मेनू टाइप करा. पत्ता पूर्ण टाइप करा: घरक्रमांक, क्रॉस, मेन, ब्लॉक, जयनगर, पिन. शेवटी खूणही लिहा, कारण गिऱ्हाईक तीच वाचणार आहे. नोंदीवर, वेबसाइटवर आणि जस्ट डायलसारख्या सूचीवर नाव, पत्ता व फोन अगदी सारखे असू द्या. एका ठिकाणी जुना क्रमांक आणि दुसऱ्या ठिकाणी नवा असेल तर यंत्राला ती दोन दुकाने वाटू शकतात.

हीच माहिती यंत्राला समजेल अशा ठरीव साच्यातही देता येते. २ जून २०११ रोजी गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही सामायिक शब्दसूची जाहीर केली. तिच्यात 'स्थानिक व्यवसाय' हा एक प्रकार आहे आणि त्याखाली नाव, पत्ता, वेळा, फोन असे रकाने. पानाच्या संहितेत हे चार-दहा ओळींत बसते. पिनकोडने पोस्टमनसाठी जे केले ते हा साचा यंत्रासाठी करतो, अशी तुलना मी वर्गात करतो. ती तंतोतंत नाही, पण दिशा बरोबर आहे. एक सावधगिरी: साचा भरल्याने क्रम आपोआप वर जातो असे नाही. माहिती नीट ओळखली जाते, इतकेच.

पान मोबाइलवर चटकन उघडणे हेही तितकेच गरजेचे. एप्रिल २०१५ पासून गुगलने मोबाइलवरील शोधात मोबाइलला सोयीच्या पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर भारतात इंटरनेट म्हणजे मोबाइल हे समीकरणच झाले.

अभिप्रायांबद्दल थोडेच. जेवून खूश झालेल्या गिऱ्हाइकाला 'दोन ओळी लिहा' म्हणणे योग्य आहे, पैसे किंवा सूट देऊन लिहवून घेणे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे, पण त्याची गरज पडली हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. वाईट अभिप्रायाला शांतपणे, कामापुरते उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे गिऱ्हाईक अधिक लक्षपूर्वक वाचते.

कोणत्या नावाने, कोणत्या लिपीत

मल्लेश्वरमला लोणी डोशासाठी प्रसिद्ध असलेले एक हॉटेल आहे. त्याचे आताचे नाव 'श्री सागर'. पण शहर त्याला 'सीटीआर' म्हणून ओळखते, जुन्या सेंट्रल टिफिन रूमची आद्याक्षरे. पाटीवर दोन्ही नावे आहेत, आणि ते शहाणपणाचे आहे. लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव पाटीवर नसेल तर ते नोंदीतही कसे येणार?

शहराचेच पाहा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी 'बँगलोर'चे अधिकृत नाव बेंगळुरू झाले. त्याच दिवशी बेळगावचे बेळगावी झाले, ज्याबद्दल सीमाभागातल्या मराठी माणसाचे मत वेगळे आहे. राजकारण बाजूला ठेवले तरी दुकानदारापुढे प्रश्न उरतोच: वेबसाइटवर कुठले नाव लिहायचे? मोठ्या शहरांची जुनी-नवी नावे शोधयंत्र एकच धरते. वस्त्या आणि दुकानांच्या नावांबाबत मात्र तशी खात्री नसते. म्हणून पत्त्यात अधिकृत नाव आणि मजकुरात कुठेतरी सहज येईल तसे प्रचलित नाव, हा व्यवहार्य मार्ग.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे म्हणून आंदोलन झाले आणि महापालिकेने २८ फेब्रुवारी २०२४ ची मुदत घातली. महाराष्ट्रात त्याआधी काहीच महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. रस्त्यावरच्या पाटीच्या भाषेवरून इतके झाले, पण नकाशावरच्या पाटीच्या भाषेबद्दल कुणी फारसे बोलत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गुगलने मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे यंत्राने लिप्यंतरित करून दाखवायला सुरुवात केली. याचा अर्थ असा की आपल्या खानावळीचे कन्नड नाव आज कदाचित यंत्राने ठरवलेले असेल, आणि ते मालकिणीने एकदाही वाचलेले नसेल. ओळखीच्या कन्नड शेजाऱ्याकडून ते तपासून घ्यावे. वेबसाइटवर कन्नडचे एक पान घालावे. शेजारी हेही गिऱ्हाईकच आहे, आणि थालीपीठ त्याला अक्की रोट्टीची चुलतबहीण म्हणून लगेच कळेल.

वेबसाइट कुणाची

नोव्हेंबर २०११ मध्ये गुगलने भारतातल्या छोट्या धंद्यांना एक वर्षासाठी मोफत वेबसाइट आणि नाव देण्याची मोहीम काढली. जानेवारी २०१७ मध्ये सुंदर पिचई दिल्लीत आले तेव्हा फिक्कीबरोबर 'डिजिटल अनलॉक्ड' हे प्रशिक्षण जाहीर झाले आणि त्यासोबत धंद्याच्या नोंदीतूनच एका पानाची मोफत वेबसाइट बनवण्याची सोयही. ज्या दुकानदाराकडे संगणक नव्हता त्यानेही फोनवरून दहा मिनिटांत वेबसाइट केली. पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, बिलावर, पाटीवर छापून घेतला.

ठळकपणा कोण ठरवतो याबद्दल शंका त्या काळातही होत्या. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. ती तक्रार २०१२ पासूनची होती, आणि तक्रारदारांत विवाह जुळवणारी एक भारतीय संकेतस्थळ कंपनी व एक ग्राहक संघटना होती. रस्त्यावरच्या दुकानदारांचे नाव त्या कागदपत्रांत शोधायला गेलात तर फारसे हाती लागणार नाही. पिवळ्या पानांत न छापलेल्यांचाही असाच इतिहास उरलेला नाही.

मार्च २०२४ मध्ये गुगलने नोंदीतून बनवलेल्या त्या सगळ्या मोफत वेबसाइट बंद केल्या. काही काळ, १० जूनपर्यंत, जुना पत्ता उघडला की धंद्याच्या नोंदीवर नेले जाई. त्यानंतर तेही थांबले. ज्यांनी स्वतःच्या नावाचा डोमेन विकत घेतला होता त्यांना तो दुसऱ्या वेबसाइटला जोडता आला. तो खर्च सहसा वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या आत बसतो. ज्यांनी घेतला नव्हता त्यांच्याकडे छापलेली कार्डे उरली. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर असा न उघडणारा पत्ता अजून असेल. तो टिपून घ्या, दुकान कधीचे आहे ते विचारा, आणि आधी कुठल्या सूचीत, कुठल्या वहीत, कुणाच्या सांगण्यावरून गिऱ्हाइके येत हेही विचारा. पुढच्या तासाला आपण त्यावरच काम करू.